नंबर पुसलेले व्हॉल्व

"अप्पा, नुसतं 'तसलं काई घडलं न्हाई' एवढं म्हणा. एवढंच मागून राहिले मी."

नीलाबाई शुक्रवारी दुपारी मुखेडहून आली होती, आणि तेव्हापासून ती हे तिसऱ्यांदा म्हणत होती. आता शनिवारची सकाळ उजाडली होती. उदगीरचे पाहुणे यायला चार तास उरले होते. बसलिंगप्पा नुकतेच पूजेवरून उठले होते, कपाळावरची विभूती अजून ओली होती. त्यांनी लेकीकडं एकदा पाहिलं, गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारलं आणि खुर्चीत टेकले.

"विचारलं न्हाई तर मी आपणहून बोलणार न्हाई," ते म्हणाले. "विचारलं तर जे झालं ते सांगणार. बहात्तर वर्षांचा झालो. आता खोटं बोलायला शिकू का?"

"तुमची नात हाय ती."

"मनूनच. लगीन झाल्यावर कळलं तर सासरी पोरीलाच ऐकून घ्यावं लागंल."

नीलाबाईनं हताश होऊन स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं तिची धाकटी भावजय महादेवी फोडणीच्या सुशिल्यासाठी भिजवलेले मुरमुरे पिळत बसली होती. "तू तरी सांग गं ह्यांना," नीलाबाई म्हणाली. "तुझं ऐकतात ते."

महादेवीचे हात थांबले. ती काहीतरी बोलेल म्हणून सासऱ्यांनीही मान वळवली. पण तिनं मान खाली घातली आणि पुन्हा मुरमुरे पिळायला लागली.

दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता, आणि त्याच दिवशी लातूर जिल्हा होणार होता. बाजारपेठेत, गोलाईभोवती कमानी उभ्या राहिल्या होत्या. दर कागदासाठी उस्मानाबादची एसटी धरावी लागायची ते आता संपणार म्हणून व्यापारी खुशीत होते. उस्मानाबादच्या कचेरीतले कितीतरी कारकून बदलून इकडं येत होते. त्यातलाच एक उदगीरच्या शिवप्पांचा मुलगा वीरभद्र. त्याच्यासाठी नीलाबाईनं आपल्या थोरल्या भावाची, गुरुबसप्पाची मुलगी सुचवली होती. शिवकांता तिचं नाव. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला. मग शिवप्पांनी रीतीप्रमाणं गोलाईत चौकशी केली, आणि तिथं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की मुलीच्या बापाला त्याच्याच बापानं चोरीपायी घराबाहेर काढलंय. शिवप्पांनी स्थळ मोडलं नाही. त्यांनी निरोप धाडला की मुलगी आम्ही लातूरला, तिच्या आजोबांच्या घरीच बघू. निरोपाचा अर्थ सगळ्यांना कळला होता.

मुरमुऱ्यांवर ताट झाकून महादेवी उठली आणि वरच्या खोलीत गेली. तिच्या लग्नात माहेरून आलेली हिरव्या रंगाची ट्रंक तिथं खिडकीखाली होती. ट्रंकेत साड्यांच्या खाली जुनं धोतर होतं, आणि धोतरात गुंडाळलेली पत्र्याची एक पेटी. ती दहा वर्षं तिथंच होती. घरात हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात महादेवी एकोणीस वर्षांची होती आणि या घरात येऊन तिला सात महिने झाले होते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. नळाला चार दिवसांतून एकदा पाणी यायचं. खेड्यांतली माणसं खडी फोडायला जात होती, तेव्हा रेडिओ कोण घेणार? दुकानात दिवसदिवस माणूस फिरकत नसे. अशातच हैदराबादचं एक दुकान बंद झालं आणि बसलिंगप्पांनी तिथून व्हॉल्वची एक पेटी आणली. रेडिओ वाजायचा तो या बोटभर लांबीच्या काचेच्या नळ्यांवर. एक जळाला की सबंध रेडिओ मुका होऊन बसायचा. पेटीतला माल परदेशी होता. खोकी नव्हती, सुटेच, कापसात ठेवलेले. तसला माल तेव्हा मिळेनासा झाला होता. एक पाऊस बरा झाला की ही पेटी दुकानाला हात देईल, असं अप्पा म्हणायचे. गुरुबसप्पाला मात्र त्यातले अर्धे घेऊन नांदेडला आपलं दुकान टाकायचं होतं. त्यावरून बापलेकांची महिनाभर धुसफूस चालली होती.

दिवाळी तोंडावर आली. गुरुबसप्पा नांदेडला जागा बघायला गेला होता. त्याची बायको दानम्मा आठ वर्षांच्या शिवकांताला घेऊन माहेरी होती. सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मीपूजनाआधी दुकानातल्या फळ्या पुसून घे. महादेवीनं मन लावून काम केलं. तांदूळ धुतलेलं पाणी तिनं राखून ठेवलं होतं, त्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून, एकेक वस्तू पुसली. पेटी उघडली तर आत काचा. प्रत्येक काचेवर चुन्याचं बोट लागल्यासारखा पांढरा डाग. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिनं एकूण एक काच पुसून लख्ख केली, कापसात परत ठेवली, आणि अप्पा बघतील तेव्हा काय म्हणतील या विचारानं मनात खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक आलं. पडद्याआडून तिनं पाहिलं, अप्पांनी खणातून एक जुना व्हॉल्व काढला, भिंग लावून त्याच्यावरची पांढरी अक्षरं वाचली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "नंबर हाय मनून हा व्हॉल्व हाय. नंबर गेला की नुसती काच. कुठली कुठं बसवायची कोण सांगणार?"

महादेवी पडदा सोडून मागं सरली. दुपारी अप्पा आडवे झाले तेव्हा तिनं पेटी उचलली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली. मोठे भावजी आले की त्यांना गुपचूप दाखवायची, असं तिनं ठरवलं होतं. त्यांना रेडिओतलं सगळं कळायचं, आणि ते तिच्यावर कधी आवाज चढवत नसत.

पण संध्याकाळी गुरुबसप्पानं घरात पाऊल टाकलं, त्याच्या आधीच अप्पांनी फळी मोकळी पाहिली होती. शब्दाला शब्द लागला. "तूच नांदेडला नेलेस," अप्पा म्हणाले. "एवढाच भरोसा असंल तर नेले समजा," गुरुबसप्पा म्हणाला आणि आल्या पावली बाहेर पडला. बायको-मुलीला त्यानं माहेरहून परस्पर नांदेडला नेलं. पहिल्या दिवशी महादेवी भीतीनं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी, काल का बोलली नाहीस असं विचारतील म्हणून बोलली नाही. मग दुकान तिच्या नवऱ्याच्या, शिवलिंगच्या हाती आलं. मग तिला पहिली मुलगी झाली. चार वर्षांमागं सासूबाई गेल्या, तेव्हा गुरुबसप्पा मातीला आला आणि पाणीही न पिता परत गेला. त्या दिवशी ती त्याच्यामागं गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"इथं काय करून राहिलीस?"

शिवलिंग दारात उभा होता. महादेवीनं ट्रंकेचं झाकण लावलं. "साडी बघत होते."

तो खाटेवर बसला. पस्तिशीचा माणूस, पण आज सकाळपासून त्याचा चेहरा उतरलेला होता. "अण्णा येऊन राहिला," तो म्हणाला. "त्याच्यासमोर मी कसा बसू कळंना. थोरला तो. दुकान त्याचं व्हायचं, ते मी चालवतो. त्यानं माल नेला असंल तर मी चुकीचा न्हाई. नसंल नेला तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "अप्पांनी खोटं बोलावं असं बी वाटंना आन् खरं बोलावं असं बी वाटंना."

"अहो, मला तुमाला एक सांगायचंय."

पण खालून नीलाबाईनं हाक मारली. नांदेडची माणसं आली होती.

गुरुबसप्पा केवढा बदलला होता. चाळिशीतच केस पांढरे, जाड चष्मा, आणि तापल्या कथलानं पडलेले बोटांवरचे काळे डाग. तो बापाच्या पाया पडला, बापानं डोक्यावर हात ठेवला, आणि दोघंही एकमेकांकडं न बघता बसले. दानम्मा भिंतीला टेकून बसली. महादेवीनं पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा तिनं तो घेतला, पण नजर वर केली नाही.

शिवकांता मात्र सरळ स्वयंपाकघरात आली. उंच, सावळी, बोलक्या डोळ्यांची. "काकू, तुम्ही माझ्या वेण्या घालायच्या," ती म्हणाली. "आईपेक्षा घट्ट. एवढंच आठवतंय मला ह्या घरातलं."

"आता घालू का?"

"घाला की."

महादेवीनं तिला वरच्या खोलीत नेलं आणि ट्रंकेवर बसवलं. केस दाट होते, मऊ होते. तेलाचं बोट फिरवत तिनं भांग पाडला. खाली गोलाईकडून कमानीला खिळे ठोकल्याचा आवाज येत होता.

"हे जमंल का हो काकू?" शिवकांतानं विचारलं. आवाज साधा होता, पण मान ताठ होती. "आधी दोन जागी मोडलं. एक परभणीचे, एक कंधारचे. दोन्ही टायमाला कुणीतरी लातूरची गोष्ट सांगितली. कंधारच्यांनी तर साखर खाल्ली होती. बाबा मनले, ह्याच्यानंतर मी कुणाच्या दारात जाणार न्हाई. आई रडत न्हाई आता, नुसती चिडते."

महादेवीच्या हातातली बट सुटली. दोन स्थळं मोडली, हे तिला माहीतच नव्हतं. ही गोष्ट आपल्या पोटात आहे तोवर आपल्यालाच टोचणार, असं तिनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. या पोरीच्या पाठीमागं ती गोष्ट परभणीला आणि कंधारला जाऊन आली होती.

"जमंल," ती म्हणाली. "ऊठ बरं. मला ट्रंक उघडायचीय."

पाहुणे साडेअकराला आले. शिवप्पा साठीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांची विधवा बहीण गौरम्मा. तिच्या शब्दाबाहेर भाऊ जात नाही असं नीलाबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं. मुलगा वीरभद्र पांढऱ्या सदऱ्यात, रुमालानं सारखी मान पुसत. सुशिला झाला, चहा झाला, यंदाच्या पावसाचं बोलणं झालं, उद्याच्या कार्यक्रमाचं झालं. मग शिवप्पांनी कप खाली ठेवला.

"बसलिंगप्पा, मी आडून विचारणारा माणूस न्हाई. गोलाईत दोघांनी मला सांगितलं, तुमच्या ह्या लेकानं घरातला माल नेला मनून तुम्ही त्याला बाहेर काढलं. खरं हाय का?"

"लोकाचं काय हो, लोक..." नीलाबाईनं सुरुवात केली.

"बाई, मी त्यांना विचारलं."

बसलिंगप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मी काढलं न्हाई," ते सावकाश म्हणाले. "तो गेला. त्याच दिवशी माल बी गेला."

"मंग नेला कुणी?"

"त्यानं 'नेला समजा' म्हटलं. मी तसं समजलो."

दानम्मानं डोळे मिटून घेतले. गुरुबसप्पा जमिनीकडं बघत होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. शिवप्पांनी बहिणीकडं पाहिलं. गौरम्मानं पदर सावरला. आता ती ऊठ म्हणणार, हे सगळ्यांना दिसलं.

तेवढ्यात महादेवी आतून आली. तिच्या हातात जुन्या धोतराचं गाठोडं होतं. ती मधोमध आली, खाली बसली, गाठ सोडली आणि पत्र्याची पेटी सासऱ्यांच्या पायापाशी ठेवली.

"त्यांनी न्हाई नेला," ती म्हणाली. "माल घरातच हाय. माझ्या ट्रंकेत होता."

"महादेवी, आत जा," शिवलिंग म्हणाला.

"जाते. सांगून जाते."

आणि तिनं सांगितलं. तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की गौरम्मा पुढं वाकली. तांदळाचं पाणी, फडकं, पांढरे डाग, पडद्याआडून ऐकलेलं बोलणं, ट्रंक. पुढचं सांगताना तिनं डोळे पुसले नाहीत. "मोठ्या भावजींना त्याच दिवशी दाखवणार होते. तोंड उघडायच्या आत ते गेले. मंग मला धीर झाला न्हाई. आमचे हे दुकानात बसले, मला पोरं झाली, मी गप राहिले. गप राहण्यात माझा फायदा झाला. शिक्षा पोरीला झाली. पोरीची दोन स्थळं मोडली हे मला आज कळलं."

बसलिंगप्पा पेटीकडं असे बघत होते, जणू ती कुणी नुकतीच जमिनीतून उकरून काढली होती.

गौरम्मा महादेवीकडं वळली. "बाई, मी वाईट बोलत न्हाई," ती म्हणाली. "पण पुतणीचं जमावं मनून काकूनं गोष्ट रचली असं कुणी मनलं तर? काचा काय, कुठूनबी आणता येतात."

"येतात," गुरुबसप्पा म्हणाला.

इतक्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला होता. तो खाली उतरून पेटीशी बसला, एक व्हॉल्व उचलून उजेडाकडं धरला. "हिची टोपी बघा," तो गौरम्माला म्हणाला, जसं काही दुकानात गिऱ्हाइकाला समजावत होता. "आतून चांदी लागलेली दिसते न्हवं? आत हवा शिरली की ही चांदी दुधासारखी पांढरी होती. ही काळी-चकचकीत हाय. म्हंजे चांगला." त्यानं व्हॉल्व तोंडाजवळ नेला आणि काचेवर हळूच श्वास सोडला. काच धुकट झाली. त्या धुक्यात, पुसलेल्या जागी, अक्षरं फिकट उमटली आणि विरायच्या आत त्यानं तो बापापुढं केला.

"वाचा, अप्पा."

बसलिंगप्पांनी खिशातून भिंग काढलं. "ई एल... चौऱ्याऐंशी," ते म्हणाले.

गुरुबसप्पानं दुसरा घेतला, श्वास सोडला. "ई सी एच एक्क्याऐंशी. ह्या नंबराचे हैदराबादच्या पेटीत अकरा होते. कापूस तोच हाय, खाली तो उर्दू पेपर बी हाय. अप्पा, हा तुमचाच माल."

"हाव," बसलिंगप्पा म्हणाले. "माझाच."

महादेवी त्या काचेकडं बघत राहिली. एवढंच होतं तर. तिनं त्या संध्याकाळी नुसतं पुढं होऊन पेटी दिली असती, तर भावजींनी असाच श्वास सोडला असता आणि रात्रीची भाकरी सगळ्यांनी एकत्र खाल्ली असती. आता तिला रडू आवरेना.

बसलिंगप्पा खुर्चीतून उठले. उभं राहायला त्यांना वेळ लागला. गुरुबसप्पानं हात दिला, तो त्यांनी धरला आणि धरूनच ठेवला. "सुनेनं लपवलं ते तिचं चुकलं," ते म्हणाले. "पण ती पोर होती, घरात नवी होती. मी बाप होतो. मी एकदा नीट बसवून विचारलं न्हाई. आपल्याच लेकाला मी चोर समजलो, तो माझा गुन्हा." मग ते शिवप्पांकडं वळले. "तुमच्या सवालाचा जवाब आता देतो. माझ्या लेकानं काई नेलं न्हाई. गोलाईत ज्यांनी सांगितलं, त्यांना मी स्वतः जाऊन सांगंन."

शिवप्पांनी रिकामा कप उचलला, आत पाहिलं आणि म्हणाले, "मला खरं काय ते ऐकायचं होतं. ऐकलं. आता पोरगी बघू द्या की. का आणखी एक चहा मिळंल आधी?"

कुणाच्या तरी तोंडून सुटकेचा श्वास बाहेर पडला, तो बहुतेक वीरभद्राचा होता. शिवकांता आली, बसली. गौरम्मानं तिला शिक्षण विचारलं, शिवण विचारलं, आणि शेवटी म्हणाली, "हे बघ पोरी, आमच्याकडं तुझ्या हातून काई फुटलं, सांडलं, तर त्याच दिवशी सांगायचं. काकूसारखं दहा वर्षं थांबायचं न्हाई."

"त्याच घटकेला सांगंन," शिवकांता म्हणाली.

मग सगळेच हसले. महादेवीसुद्धा, ओल्या डोळ्यांनी. नारळ दिला गेला, साखर वाटली, मार्गशीर्षातला मुहूर्त धरायचं ठरलं. दोनच्या सुमाराला पाहुणे उदगीरच्या एसटीला निघाले, आणि बसलिंगप्पा त्यांना स्थानकापर्यंत पोचवायला गेले. सोबत थोरला लेक होता. गोलाईतून, भर बाजारातून, म्हाताऱ्यानं त्याचा हात धरून चालवलं.

घरात राहिलेल्यांचं बोलणं मात्र अजून व्हायचं होतं.

दानम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. महादेवी उठली, पुढं झाली, पायांकडं वाकली.

"नको," दानम्मा म्हणाली. "पाया पडू नको. पडलीस की मला माफ करावं लागंल. आज माझ्याच्यानं ते होणार न्हाई."

महादेवी तशीच अर्धवट वाकून थांबली.

"नांदेडात पहिली दोन वर्षं आमी एका खोलीत काढली," दानम्मा म्हणाली. "त्याचं काई न्हाई. पण माझा नवरा झोपेत म्हणायचा, मी नेले न्हाईत. जागेपणी कधी एक शब्द काढला न्हाई. झोपेत म्हणायचा. आन् मी, अक्का म्हणायचीस तू मला, मी मनात एकदोनदा म्हणलं, नेले बी असतील. माझ्या नवऱ्यावर मी शक घेतला. ते कुणाच्या पदरात घालू?"

"माझ्या," महादेवी म्हणाली.

दानम्मा तिच्याकडं बघत राहिली. मग बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसली. नीलाबाई कालपासून सगळ्यांना समजावत फिरत होती. आता तिलाही कळलं की समजावण्यासारखं काही उरलेलं नाही. ती भांडी गोळा करू लागली.

शिवलिंग माजघरात पेटीशेजारी बसला होता. महादेवी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुमाला सांगितलं असतं तर तुमाला दुकान सोडावं लागलं असतं. न्हाईतर गप राहावं लागलं असतं. दोन्हीतलं काय करायचं ते तुमच्यावर टाकायला मला जड गेलं."

त्यानं पेटीचं झाकण उघडलं, लावलं. "मी काय केलं असतं कोण जाणं," तो शेवटी म्हणाला. "गप बी राहिलो असतो."

स्थानकाहून परतल्यावर गुरुबसप्पानं चप्पल काढली तोच शिवलिंग त्याच्यापुढं उभा राहिला. "अण्णा, दुकान तुमचं. किल्ल्या घ्या."

"येडा हायस का?" गुरुबसप्पा म्हणाला. "नांदेडातलं माझं दुकान कोण बघंल? आन् तू म्हणं टीव्ही ठेवणार. मला त्यातलं काई कळत न्हाई." तो पेटीशी बसला. "हे मात्र नेतो. इथं ह्याचं आता कुणाला काम न्हाई. माझ्याकडं अजून म्हातारी माणसं व्हॉल्वचा रेडिओ उचलून आणतात, ट्रान्झिस्टरचा आवाज त्यांना चालत न्हाई. नंबर गेले तरी मला पोटातली तार बघून कळतंय, कुठला कोणता."

मग त्यानं दाराशी उभ्या असलेल्या महादेवीला हाक मारली. "तुझं वय काय होतं गं तेव्हा?"

"एकोणीस."

"माझं तीस होतं. 'नेले समजा' मनून मी निघून गेलो. त्या वेळेला 'चला, घर धुंडू' म्हटलं असतं तर? तुझ्याच ट्रंकेपासून सुरुवात केली असती." त्यानं डोकं हलवलं. "ताठा सगळा. तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नको."

महादेवीनं मान हलवली, वर गेली आणि उघड्या ट्रंकेशेजारी चटईवर जरा टेकली. साड्या विस्कटलेल्या होत्या, त्या घडी घालून ठेवायच्या होत्या. घडी घालायला म्हणून तिनं एक साडी मांडीवर घेतली. खालून बोलण्याचे आवाज येत होते, अप्पा मोठ्यानं काहीतरी सांगत होते आणि नीलाबाई हसत होती. तो आवाज ऐकता ऐकता तिचे डोळे मिटले.

पाचच्या सुमाराला अप्पांनी चहा मागितला. शिवलिंग तिला बघायला वर गेला आणि दारातच थांबला. या घरात आल्यापासून ती दिवसाची कधी झोपली नव्हती, ताप असला तरी नाही. आता हात डोक्याखाली घेऊन, तोंड किंचित उघडं टाकून ती लहान पोरीसारखी गाढ झोपली होती. तो तिला उठवायला वाकला, तेव्हा मागून कुणीतरी त्याच्या बाहीला धरलं.

दानम्मा होती. तिनं महादेवीच्या मांडीवरून घसरलेली साडी उचलली, झटकली आणि तिच्या अंगावर टाकली.

"राहू द्या झोपू," ती हळू आवाजात म्हणाली. "चहा मी करते. साखर कुठं ठेवली हिनं, तेवढं दाखवा."